पुरस्कारप्राप्त बालपुस्तकं ग्रंथपालाच्या नजरेनं कशी वाचावीत

अशा पुस्तकांची यादी करायला एक संध्याकाळ पुरते. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासूनचा, त्यामुळे मराठीतली सगळी नावं एका पानात मावतात. जोडीला राज्य शासनाचे बालवाङ्मय पुरस्कार आणि अमेरिकेतले न्यूबेरी (१९२२पासून) व कॅल्डेकॉट (१९३८पासून) घ्या. पुस्तकं दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात शोधा.

वाचण्याआधी पुरस्कार कशाला दिलाय ते बघा. न्यूबेरी लेखनाला, कॅल्डेकॉट चित्रांना. हान्स अँडरसन हा आंतरराष्ट्रीय बालसाहित्य पुरस्कार एका पुस्तकाचा नसतोच, तो एकंदर कामाचा असतो. अकादमीनंही काही वेळा एकूण योगदान गौरवलंय. तिथे पुस्तकाचं नाव शोधत बसू नका. हा पुरस्कार लोकप्रियतेसाठी नाही आणि बोधासाठीही नाही, असं न्यूबेरीच्या निकषांत स्पष्ट म्हटलंय. वहीच्या पहिल्याच पानावर हे उतरवा.

अवघड काम प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद करण्याचं. मलाही ती जमायला फार वेळ लागला, आणि नेमके इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात: कथासार लिहा, तात्पर्य लिहा, लेखकाचा परिचय जोडा. अशा नोंदीला परीक्षेत गुण पडतील, पण बालविभागात तिचा काही उपयोग नाही. तिथे आजोबा नातीला घेऊन येतात आणि म्हणतात, "तिसरीत आहे, काहीतरी छान द्या." तुमच्या नोंदीतून तेव्हा पुस्तक हाती यायला हवं. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा नियम आपण पाठ करतो. तो पाळायचा तो इथेच.

पहिलं वाचन वही मिटून, सलग. दुसऱ्या वेळी सुरुवातीची काही पानं मोठ्यानं वाचा आणि जीभ अडखळेल तिथे चिठ्ठी घाला. ग्रंथालयाच्या प्रतीवर पेन्सिलसुद्धा टेकवायची नाही. जोडाक्षरं, वाक्यांची लांबी, टाइपाचा आकार, चित्र मजकुराशेजारी आहे की पान उलटल्यावर, हे सगळं टिपा.

नुसतं "वयोगट ८ ते १०" लिहू नका. मुंबईत घरी मराठी बोलणारी पण इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलं भरपूर आहेत. पाचवीतल्या अशा मुलाला गोष्ट पाचवीची कळते, पण मराठी वाचताना तो दुसरीतल्या मुलासारखा अडतो. म्हणून दोन वेगळ्या ओळी लिहा: ऐकून कोणाला कळेल, आणि स्वतः कोण वाचू शकेल. मी या दोन ओळींशिवाय नोंद पुरी मानत नाही.

तिसरी ओळ, कोणाला देऊ नये. पुरस्काराचे परीक्षक मोठी माणसं असतात. लेखकाच्या बालपणाच्या आठवणी त्यांना हळवं करतात, पण आठ वर्षांच्या मुलाला त्यात काही घडताना दिसत नाही. पुरस्काराचा मान राखून हे लिहायलाच हवं.

मग मुलांसमोर वाचा आणि नोंद सुधारा. आधीची ओळ खोडू नका, खाली तारीख घालून नवी लिहा. ग्रंथनिवड समितीत दुसरी प्रत मागताना दोन्ही ओळी दाखवता येतात.