आधारची झेरॉक्स देण्याआधी

लॉजवर खोली घ्या, नाहीतर भाड्याचं घर बघायला जा, समोरचा आधी आधारची झेरॉक्स मागतो. आपणही मुकाट्याने देतो. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं. सरकारी लाभ नेमक्या माणसापर्यंत पोचावेत हा हेतू होता, लॉजच्या रजिस्टरला टाचण्याचा नव्हे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने 'झेरॉक्स वाटत फिरू नका' असा इशारा दिला आणि लोकांचा गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत तो मागेही घेतला गेला. माझ्या मते इशारा बरोबरच होता.

तेव्हा आधी मास्क्ड आधार काढून ठेवा. यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात, बाकीचे झाकलेले असतात. मायआधार पोर्टलवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, 'डाउनलोड आधार'मध्ये जा, मास्क्डच्या चौकटीत टिक करा आणि फाइल उतरवून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर यातलं काहीच होणार नाही. आधी आधार केंद्रावर जाऊन तो जोडून घ्या. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. म्हणजे तुमचं नाव आणि वय माहीत असलेला कुणीही ती उघडू शकतो, हे लक्षात असू द्या.

लॉज, घरमालक, सोसायटी यांना ओळख पटवायला मास्क्ड पुरतं. सरकारी योजनेच्या अर्जाला मात्र पूर्ण नंबर लागतो, तिथे वाद घालू नका.

खरी गळती झेरॉक्सच्या दुकानात होते. आपण फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो, तो ती कॉम्प्युटरवर उतरवतो, दोन रुपये घेतो आणि फाइल 'डाउनलोड्स'मध्ये शेकडो अनोळखी लोकांच्या कागदांशेजारी पडून राहते. आपण चॅटमधून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी ती तिथून जात नाही. प्रिंट हातात आली की "दादा, फाइल उडवा, रिसायकल बिनमधूनही" असं सांगा आणि उडवेपर्यंत काउंटरवरून हलू नका. लाजायचं काही कारण नाही. प्रिंटवर पेनाने आडवं लिहा: कुणाला दिली, कशासाठी, तारीख.

आता अंगठा. आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. ओटीपी येत नाही. जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून रबराचे अंगठे बनवणारे भामटे पोलिसांनी पकडलेले आहेत. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलणार कसा? म्हणून त्याच पोर्टलवर 'लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स'मध्ये जाऊन कुलूप लावा. मग ठसा, डोळ्याचं बुबुळ, चेहरा यांपैकी कशानेच पडताळणी होणार नाही. ओटीपी चालू राहतो. मात्र घरातल्या आजोबांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला किंवा रेशन दुकानातलं मशीन यासाठी कुलूप आधी उघडावं लागेल. ते तात्पुरतं उघडता येतं. आजोबांना हे सांगून ठेवा, नाहीतर रेशनच्या रांगेत मशीन नकार देतं आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

मायआधार पोर्टलवरच 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' आहे. तुमचं आधार मागच्या सहा महिन्यांत कधी आणि कुणी तपासलं ते दिसतं. अनोळखी नोंद आढळली तर आधारच्या हेल्पलाइनला, १९४७ वर, फोन करा.

शेवटी, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की यादी येते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर 'नॉट माय नंबर' निवडून तक्रार नोंदवा. खात्यातून पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, बँकेत त्यानंतर जा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवले गेले तरच हाती लागण्याची आशा असते.