फोनातला डेटाबेस: या चुका टाळा, माझ्या करून झाल्यात

एप्रिल महिना, काजूचा सीझन भरात, आणि गोव्यात वाळपईतल्या एका काजूबिया खरेदी करणाऱ्या शेटला मी अँड्रॉइड ॲप करून दिलेलं. काट्यावर पोतं चढलं की वजन टाकायचं, विकणाऱ्याचं नाव निवडायचं, हिशोब तयार. सत्तरी तालुक्यात आतल्या गावांत नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून सगळं फोनातच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये, वर तो हाताळणारी रूम लायब्ररी, आणि रात्री वाळपईत परत आल्यावर सिंक, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यात डेटाची देवाणघेवाण. तर शुक्रवारी संध्याकाळी मी पणजीत बसून एक अपडेट सोडलं, बदल म्हणाल तर एकच, वजनाच्या टेबलात 'शेरा' नावाचा नवा कॉलम. शनिवारी सकाळी शेटचा फोन, "कालच्यो एंट्र्यो खंय गेल्यो रे?"

गेल्या होत्या त्या कायमच्या. त्यांच्या माणसाने गुरुवारपासून सिंकच केलं नव्हतं, म्हणजे दोन दिवसांची खरेदी फक्त त्या एका फोनात होती आणि ती मी पुसली. शेट जुन्या वळणाचे, ॲपसोबत वहीपण लिहायचे, म्हणून वाचलो. रविवारचा अख्खा दिवस वहीवरून एंट्र्या मारण्यात गेला.

झालं काय, तर डेटाबेसचं व्हर्जन ३ वरून ४ केलं आणि मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड, लिहिलंच नाही, कारण कोडमध्ये कधीतरी कुठल्या तरी ट्युटोरियलवरून चिकटवलेली 'फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन' ही ओळ होती. तिचा अर्थ सरळ आहे, जुन्या व्हर्जनवरून नव्यावर जायचा रस्ता सापडला नाही तर सगळी टेबलं पाडा आणि कोरी बांधा. क्रॅश नाही, एरर नाही, ॲप मस्त उघडतं, फक्त रिकामं. ही ओळ नसती तर ॲप उघडतानाच क्रॅश झालं असतं आणि खरं सांगतो ते परवडलं असतं, कारण क्रॅश झालेल्या ॲपमधला डेटा जागेवर असतो, दुसरं अपडेट देऊन सोडवता येतो.

टेस्टिंगमध्ये का नाही सापडलं? कारण मी दर वेळी ॲप काढून नवं टाकत होतो. नवीन इन्स्टॉलला मायग्रेशन चालतच नाही! आता माझा नियम म्हणजे मागचं व्हर्जन टाकायचं, दहा-वीस एंट्र्या करायच्या, सिंक न करता त्याच्यावरच नवं व्हर्जन चढवायचं आणि मग आकडे बघायचे. रूमला स्कीमा (टेबलांची रचना) एक्स्पोर्ट करायला सांगितलं की प्रत्येक व्हर्जनची एक जेसन फाइल मिळते, ती कोडसोबत गिटमध्ये ठेवा, मायग्रेशन तपासणारा रूमचा मायग्रेशन टेस्ट हेल्पर त्याच फाइलींवर चालतो. आणि लोक मधली अपडेट गाळतात, कुणी व्हर्जन २ वरून थेट ५ वर येतो, म्हणून २ ते ३, ३ ते ४, ४ ते ५ अशी अख्खी साखळी कोडमध्ये राहू द्या, जुनं म्हणून काढून टाकू नका.

मायग्रेशन लिहूनही रूम 'मायग्रेशन डिडन्ट प्रॉपरली हँडल' म्हणून बोंब मारत असेल तर खाली एक्स्पेक्टेड आणि फाउंड असे दोन लांबलचक मजकूर असतात, ते शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर बघा. बहुतेक वेळा नॉट नल (कॉलम रिकामा चालणार नाही) किंवा डीफॉल्ट व्हॅल्यूचा फरक निघतो. एसक्यूलाइटमध्ये असलेल्या टेबलाला नॉट नल कॉलम जोडायचा तर डीफॉल्ट द्यावाच लागतो, आणि तोच डीफॉल्ट एंटिटीतही (कोडमधल्या टेबलाच्या क्लासातही) सांगितलात की तुलना करायला गोंधळ राहत नाही.

दुसरी चूक मला जास्त छळून गेली, कारण ती दिसायला अगदी निरागस. एका विकणाऱ्याचा मोबाइल नंबर बदलला, ऑफिसात कुणीतरी वेबवर दुरुस्त केला, रात्री सिंक झालं आणि त्या माणसाची सीझनभराची सगळी वजनं फोनातून गायब! बाकी सगळ्यांची जागच्या जागी. मी दोन रात्री सर्व्हरवर शोधत बसलो आणि चोर निघाला घरातच. इन्सर्ट करताना 'कॉन्फ्लिक्ट झाला तर (म्हणजे तोच आयडी आधीच असेल तर) रिप्लेस' असं दिलेलं. आपल्याला वाटतं रिप्लेस म्हणजे ओळ अपडेट होते, तसं नाहीये, एसक्यूलाइट जुनी ओळ डिलीट करतो आणि नवी घालतो. आता वजनाच्या टेबलाला विकणाऱ्याच्या आयडीवर फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा दुवा) आणि 'ऑन डिलीट कॅस्केड' (मूळ ओळ गेली की बांधलेल्याही जातात) लावलेलं, म्हणजे विकणारा क्रमांक ४२ डिलीट झाला त्या क्षणी त्याची वजनं त्याच्यासोबत गेली, मग विकणारा ४२ नव्या नंबरासह परत आला, एकटाच.

उपाय म्हणजे रूम २.५ पासून अपसर्ट ॲनोटेशन आहे, ते वापरा, ते आधी इन्सर्ट करून बघतं आणि जमलं नाही तर अपडेट करतं, डिलीट कुठेच नाही. हाताने एसक्यूएल लिहिणाऱ्यांना एक खड्डा अजून आहे: 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' हे एसक्यूलाइट ३.२४ मध्ये आलं, आणि अँड्रॉइड १० मध्ये सिस्टिमचं एसक्यूलाइट ३.२२ आहे, ११ मध्ये थेट ३.२८. म्हणजे तुमच्या नव्या फोनवर ती क्वेरी धावते आणि काट्यावरच्या पोराच्या जुन्या फोनवर सिंटॅक्स एरर. उलट बाजूही सांगतो, कच्चं एसक्यूलाइट वापरत असाल तर फॉरेन की मुळात बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा (सेटिंगचा हुकूम) देऊन चालू करावी लागते, नाहीतर आईबाप नसलेल्या एंट्र्या साठत जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

तिसरी चूक थोडी लाज वाटण्यासारखी आहे. शेट म्हणाले आजच्या एंट्र्या रिपोर्टात चुकतायत, मी म्हटलं डेटाबेसची फाइल काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यांनी पाठवली, मी उघडली, आजची एकही एंट्री नाही, आणि मी बिनधास्त सांगितलं की शेट, तुम्ही एंट्र्या केल्याच नाहीत. शेट काही बोलले नाहीत, फोनचा स्क्रीनशॉट पाठवला. सगळ्या होत्या.

रूम बहुतेक फोनांवर वॉल (राइट-अहेड लॉग) मोडमध्ये चालतं. म्हणजे नवीन लिहिलेलं आधी शेजारच्या '-वॉल' शेपटीच्या फाइलीत जातं आणि चेकपॉइंट झाला की मगच मुख्य फाइलीत उतरतं. एसक्यूलाइटचं मूळ सेटिंग वॉलची १००० पानं भरेपर्यंत थांबायचं आहे. छोट्या ॲपमध्ये दिवसभराचं काम त्या शेपटीतच बसलेलं असू शकतं, आणि मुख्य फाइल एकटी कॉपी केली की तुम्ही कालचा पेपर वाचताय. बॅकअपचं बटण देणार असाल तर आधी चेकपॉइंट करून डेटाबेस बंद करा आणि मग कॉपी, किंवा 'व्हॅक्यूम इंटू' वापरा, ते एकच स्वच्छ फाइल काढून देतं (३.२७ पासून, म्हणजे सिस्टिमच्या एसक्यूलाइटवर अँड्रॉइड ११ पासून पुढे).

'डेटाबेस इज लॉक्ड' या एररवर लोक टाइमआउट वाढवत बसतात. आधी बघा की डेटाबेसचा ऑब्जेक्ट किती ठिकाणी बनतोय, माझ्याकडे स्क्रीनचा एक आणि सिंकच्या वर्करचा (मागे चालणाऱ्या कामाचा) वेगळा असे दोन होते, एकच केल्यावर निम्मी तक्रार गेली, शिवाय सिंक झाल्यावर यादी आपोआप ताजी होत नव्हती तेपण सुटलं. उरलेली निम्मी यात होती की मी ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) उघडून आतमध्ये सर्व्हरला विचारत होतो. सर्व्हर उत्तर देईपर्यंत लिहिण्याचं कुलूप आपल्या हातात, आणि रेंजची एक काडी असलेल्या गावात ते उत्तर कधी येईल सांगा! आधी सगळं मागवून घ्या, मग ट्रान्झॅक्शन उघडा, सगळ्या ओळी एकाच दमात घाला आणि बंद करा. एकेक ओळ वेगवेगळी घातली तर प्रत्येकीला वेगळं कमिट (पक्कं लिहिणं) पडतं, वेळ तिथेच जातो.

बारीकसारीक भराभर सांगतो. पोत्याचा फोटो डेटाबेसात ठेवू नका, फाइल म्हणून ठेवा आणि डेटाबेसात फक्त पाथ, कारण अँड्रॉइडची कर्सर विंडो (वाचलेल्या ओळी ठेवायची जागा) साधारण २ एमबीची, मोठा फोटो लिहिताना काही कुरकुर होत नाही आणि वाचताना ॲप आडवं होतं. वजन ग्रॅममध्ये आणि पैसे पैशांमध्ये, पूर्ण अंकात, दशांशात ठेवलंत तर महिन्याच्या बेरजेला दोन-चार पैसे इकडेतिकडे होतात आणि शेट तेवढेच बरोबर पकडतात. तारीख 'दिवस/महिना/वर्ष' अशी टेक्स्टमध्ये ठेवली की सॉर्टिंगमध्ये २ मे च्या आधी १५ मे येते.

आता आपल्या लिपीचं, इंग्रजीतल्या लेखांत हे सहसा नसतं. एसक्यूलाइट मूळ सेटिंगमध्ये युनिकोडच्या क्रमाने लावतो आणि तिथे ळ हा व, स, ह यांच्या आधी येतो, म्हणून यादीत काळे वर आणि कासार खाली. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर. अँड्रॉइडमध्ये 'लोकलाइज्ड' कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) आहे पण ते फोनच्या भाषेप्रमाणे चालतं आणि इथे निम्म्या लोकांचे फोन इंग्रजीत, म्हणून मी यादी कोडमध्ये मराठी कोलेटर लावून सॉर्ट करतो. शोधायची गंमत वेगळीच. 'दुसऱ्या' मधला ऱ एका कीबोर्डवरून एक अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत, दिसायला सारखाच पण डेटाबेसला वेगळा, तेव्हा साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन (दोन्ही रूपं एकसारखी) करा. ते करूनही गांवकर आणि गावकर सुटत नाहीत! एकाच माणसाची दोन खाती झाली होती आमच्याकडे, एक अनुस्वारवालं, एक बिनअनुस्वाराचं. शेवटी शोधासाठी वेगळा कॉलम केला, त्यात अनुस्वार काढलेलं नाव, दाखवायचं नाव मात्र माणूस लिहितो तसंच.

आणि डेटाबेस एन्क्रिप्ट केला असेल तर हे आजच बघा. अँड्रॉइडचा ऑटो बॅकअप डेटाबेसची फाइल उचलून नव्या फोनावर आणून ठेवतो, पण कीस्टोअरमधली (फोनातल्या किल्ल्यांच्या तिजोरीतली) किल्ली जुन्या फोनातच राहते. शेटच्या पोराने नवा फोन घेतला, ॲप टाकलं, डेटाबेस आला आणि उघडेना. अशी फाइल बॅकअपमधून वगळा आणि नव्या फोनावर डेटा सर्व्हरवरूनच येऊ द्या, फक्त जुना फोन एक्स्चेंजला देण्याआधी शेवटचा सिंक झाला की नाही ते ॲपनेच मोठ्या अक्षरात दाखवायला हवं. आमच्या ॲपमध्ये आता पहिल्याच स्क्रीनवर लाल पट्टी येते: '१७ एंट्र्या अजून फोनातच आहेत'.