भुसावळहून बार्सिलोना: आधी व्हिसा, मग बाकीचं

लेक बार्सिलोनात असते, त्यामुळे हा प्रवास मी दोनदा केलाय. शेंगेन व्हिसाचा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निघायला १५ दिवसांहून कमी उरल्यावर अर्ज केलात तर उशीर झाला. प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा.

विमान पहाटेचं असलं तरी भुसावळहून मुंबईला आदल्या सकाळचीच गाडी धरा. पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या रखडल्या की जीव टांगणीला लागतो. वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, मध्ये तीन तास ठेवा.

शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड खुशाल न्या. तूप, पेढे नकोत! युरोपीय संघात बाहेरचे दुधाचे पदार्थ चालत नाहीत. लेकीसाठी कढवलेलं तूप बॅगेतून परत काढताना माझे डोळे भरून आले होते.

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे. त्याची सवय व्हावी म्हणून पोहोचल्या दिवशी उजेड असेपर्यंत झोपू नका.