लहान मुलांचे वाकडे पाय आणि घाईची सर्जरी: या चुका टाळा

फेंगडे पाय (गुडघे बाहेर), नॉक नी (गुडघे आत), ब्लाउंट (नडगीच्या वरच्या टोकाची आतली बाजू नीट न वाढल्याने वाकणारा पाय), मुडदुसाने वाकलेले पाय, सगळ्यात चुका त्याच त्याच होतात म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. नवीन रेसिडेंट मंडळींना कापायची घाई आणि मोजायचा कंटाळा. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेषा ओढली तर ती गुडघ्याच्या मध्याच्या किंचित आतून गेली पाहिजे, कारण शरीराचा सगळा भार त्या रेषेने खाली उतरतो. त्यातून एका पायावर उभं राहिलं की नॉर्मल गुडघ्यातसुद्धा आतल्या बाजूवर जास्त भार येतो, मग पाय बाहेर वाकलेला असेल तर आतल्या ग्रोथ प्लेटचं (हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर) काय होत असेल बघा, ती दबते, दबली की हळू वाढते, हळू वाढली की अजून वाकते. ब्लाउंटचं सगळं दुष्टचक्र हेच.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, एक्स-रे. स्कॅनोग्राम (खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे) मुलाला उभं करूनच काढायचा हे आता बहुतेकांना कळलंय, पण उभं कसं करायचं हे कोणी बघत नाही. टेक्निशियन मुलाची पावलं सरळ समोर करतो, फोटोला उभं केल्यासारखी, आणि बटण दाबतो. पण या मुलांची नडगी बऱ्याचदा आत पिळलेली असते, म्हणजे पावलं सरळ केली की गुडघे बाहेर फिरतात. त्यात मूल गुडघा जरासा वाकवून उभं असेल (लहान मुलं असतातच) तर तो वाक तिरक्या बाजूने दिसतो आणि फिल्मवर पाय आहे त्यापेक्षा जास्त फेंगडा दिसतो. मग त्यावर कोन मोजून, कॅलक्युलेशन करून, अर्ध्या पिळाची आणि अर्ध्या खऱ्या वाकाची अशी एकत्रच ऑस्टिओटॉमी (हाड कापून सरळ करणं) करून मोकळे. नंतर पाय सरळ का झाला नाही म्हणून विचारत बसतात.

मी एक्स-रे रूममध्ये स्वतः जातो. गुडघ्याच्या वाटीवर पेनने फुली मारतो, फुली समोर येईल असा पाय फिरवतो, पावलं कुठेही जाऊ देत. एक पाय आखूड असेल तर त्याखाली लाकडी ठोकळा. वाटीच बाजूला सरकलेली असेल (काही नॉक नीमध्ये असते) तर गुडघा वाकवून बघायचा, तो ज्या दिशेने वाकतो ती समोरची बाजू. हे काम रेसिडेंटला कमीपणाचं वाटतं, पण केस बिघडते ती ऑपरेशन थिएटरात नाही, बहुतेक वेळा इथेच.

फिल्म नीट आली की कोन दोन्ही हाडांचे मोजा. मांडीच्या हाडाचा खालचा बाहेरचा कोन साधारण ८८ अंश, नडगीचा वरचा आतला ८७, दोन्ही ८५ ते ९० मध्ये चालतात. दोष मांडीच्या हाडात आणि कापलं नडगीला, तर पाय सरळ दिसतो पण सांधा तिरका राहतो.

वय बघा, प्लीज. जन्मतः पाय फेंगडे, दीड-दोन वर्षांत सरळ, तीन-चार वर्षांचं होईतो गुडघे आत, सात-आठपर्यंत मोठ्या माणसासारखे. तीन वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांना लागतात म्हणून वाढ रोखणारी धातूची प्लेट टाकणाऱ्याला काय म्हणावं? स्पेशल बूटही नकोत, त्याने फक्त पैसे जातात. फेंगड्या पायात ब्लाउंटची शंका असेल तर ड्रेननचा कोन (एक्स-रेवर नडगीच्या वरच्या टोकाचा तिरकेपणा) मोजा, ११ अंशांच्या खाली असेल तर बहुधा आपोआप सुटतं, १६ च्या वर असेल तर काळजी करा, मधला असेल तर काही महिन्यांनी परत फिल्म काढा.

मुडदूस असेल तर आधी औषधं. व्हिटॅमिन डी, कॅल्शियम द्या, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज (मुडदुसात वाढतं ते) खाली येऊ द्या. कित्येक पाय तेवढ्यानेच बरेचसे सुधारतात, आणि रोग चालू असताना कापलेलं हाड परत वाकतं.

आता गाइडेड ग्रोथ. सॉल्ट लेक सिटीच्या पीटर स्टीव्हन्सनी २००७ मध्ये दोन स्क्रूच्या छोट्या प्लेटवर पेपर लिहिला आणि पद्धत जगभर पसरली. त्याआधी ब्लाउंट डॉक्टरांचे स्टेपल (धातूच्या पिना) होते, १९४९ पासूनचे. आयडिया भारी आहे, ग्रोथ प्लेटची एक बाजू बांधायची, दुसरी वाढत राहते आणि पाय स्वतःच सरळ होतो. छोटासा चिरा, संध्याकाळी मूल चालतंय. त्यामुळेच लोकांना वाटतं यात काही नाही. अहो, प्लेट टाकणं म्हणजे ऑपरेशनची सुरुवात आहे, पाय वाकवायचं काम पुढचे कित्येक महिने चालूच असतं आणि ते थांबवायला कोणीतरी हजर लागतं.

बीड भागातली एक मुलगी आली होती, आठेक वर्षांची. नॉक नी म्हणून एका शहरातल्या हॉस्पिटलमध्ये दोन्ही मांड्यांच्या हाडांना आतल्या बाजूने प्लेट टाकलेल्या, दिवाळीच्या आधी. कार्डावर लिहिलेलं, तीन महिन्यांनी या. तीन महिन्यांनी आईबाप कोल्हापूरकडे ऊसतोडीला, उचल घेतलेली, कोयता सोडून कोण येणार, आणि मुलगी धाकट्या भावाला सांभाळत फडात. हंगाम संपून घरी आले तेव्हा पाय सरळ दिसत होते, मग डॉक्टरकडे कशाला जायचं? पुढच्या दिवाळीला परत तोडीला. ती टोळी परतल्यावर माझ्याकडे आले तेव्हा मुलीचे पाय उलटे, बाहेर वाकलेले. या वयात मांडीचं हाड गुडघ्याजवळ वर्षाला जवळपास १ सेंटिमीटर वाढतं आणि महिन्याला साधारण १ अंश सुधारणा होते, हिशोब तुम्हीच करा.

प्लेट काढल्या. वय लहान, वाढ शिल्लक, त्यामुळे काढल्यावर पाय थोडे मूळ दिशेला परत फिरतात, एरवी हा रिबाउंड डोकेदुखी असतो म्हणूनच तर लहान मुलांत ५ अंश जास्त करून थांबतात, पण इथे तोच कामी आला. जुन्या फाइलवर शेरा होता, "पेशंट इर्रेग्युलर". त्या शेऱ्याचा राग मला अजून आहे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं हे महाराष्ट्रातल्या डॉक्टरला माहीत नसावं?

माझी सवय सांगतो. प्लेटची तारीख देण्याआधी विचारतो, तोडीला जाता का, कुठे, परत कधी. जात असतील तर ऑपरेशन मेमध्ये, म्हणजे एक तपासणी ऑगस्टला आणि दुसरी निघायच्या आधी. कार्डावर बापाच्या नंबरसोबत मुकादमाचाही नंबर. हंगामात एकदा कारखान्याजवळच्या कुठल्याही ऑर्थोपेडिककडे स्कॅनोग्राम काढून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगतो, वाटीवर फुली मारून, ती समोर ठेवून हं. यातलं काहीच जमणार नसेल तर प्लेट टाकूच नका.

प्लेटचं बाकीचं थोडक्यात. सी-आर्मवर (थिएटरातल्या एक्स-रे मशीनवर) बाजूचा व्ह्यू घ्या, प्लेट पुढे गेली तर गुडघा मागे झुकतो, मागे गेली तर वाकलेला राहतो. पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) खरवडू नका, ग्रोथ प्लेट कायमची जुळेल. ब्लाउंटच्या वजनदार मुलांत नडगीतला खालचा स्क्रू तुटतो, तिथे पोकळ स्क्रू नको, भरीव घ्या.

ऑस्टिओटॉमीत दोन गोष्टींवर माझं डोकं फिरतं. पहिली म्हणजे "१ मिलिमीटरची पाचर म्हणजे १ अंश" हा पाठ केलेला मंत्र. तो हाड ५७ मिलिमीटरच्या आसपास रुंद असेल तरच खरा. मुलाची नडगी ३० मिलिमीटर रुंद असेल तर ५ मिलिमीटरच्या पाचरीत जवळपास १० अंश होतात. कागदावर आखा, पाठांतरावर जाऊ नका.

दुसरी, वाक असतो ग्रोथ प्लेटपाशी आणि आपण कापतो ट्युबरकलच्या (नडगीच्या वरच्या भागातला पुढचा उंचवटा) खाली, कारण वर कापता येत नाही. मग कापल्या जागीच नुसतं फिरवलं तर कोन बरोबर येतो पण घोटा बाजूला राहतो आणि भाराची रेषा चुकते. खालचा तुकडा सरकवावा लागतो, फेंगड्या पायात बाहेरच्या बाजूला. ऑस्टिओटॉमीचे नियम मांडणाऱ्या पेली या सर्जनचा दुसरा नियम हाच, आणि परीक्षेत सगळे तो फाडफाड सांगतात. सरकवल्यावर एक्स-रे कुरूप दिसतो म्हणून टेबलवर परत "नीट" बसवणारे महाभाग मी पाहिलेत. पिळ त्याच वेळी सोडवा. कॉटरीची (रक्त थांबवायच्या यंत्राची) वायर खुब्यापासून घोट्यापर्यंत ताणून बघा, पण मूल आडवं आहे, पायावर भार नाही, सैल लिगामेंटने किती वाकणार ते त्या वायरला कळत नाही.

आणि पहिल्या रात्री झोपा काढू नका. नडगीच्या वरच्या भागात कापलंय, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोमची (आवरणातले स्नायू सुजून रक्तपुरवठा बंद पडण्याची) भीती आहेच, मी फॅशिया, म्हणजे ते आवरण, टेबलवरच सोडवून ठेवतो. एपिड्युरल (पाठीतून दिलेलं दुखणं थांबवायचं औषध) चालू असेल तर मूल शांत झोपलंय यावर अजिबात विसंबू नका. पायाचा अंगठा वर करायला सांगा, मग आपण खाली ओढून बघा. ओढल्यावर किंचाळलं किंवा दुखण्याची औषधं वाढवावी लागत असतील तर प्लास्टर आतल्या कापसासकट थेट कातडीपर्यंत पूर्ण चिरा आणि सरांना फोन करा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.