राग आवरायला निघालात? मग या चुका टाळा

समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुणांना पहिल्याच भेटीत ‘सर, एखादी ट्रिक सांगा’ एवढेच हवे असते आणि ती ट्रिक बहुधा त्यांनी मोबाइलवर आधीच पाहिलेली असते: राग साठवू नका, बाहेर काढा. डोके म्हणजे कुकर, एक शिट्टी झाली की वाफ मोकळी, हा समज आपल्या कोल्हापुरात फारच पक्का आहे. पहिली चूक हीच.

करवीर तालुक्यातल्या एका मुलाचा चुलतभावाशी बांधावरून वाद होता. कोणीतरी सांगितले म्हणून तो रोज संध्याकाळी जिममध्ये भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून वाळूच्या पिशवीवर ठोसे मारू लागला. एके दिवशी घाम पुसायच्या आत गाडी काढून तो शेतावर गेला आणि उसाला पाणी पाजत असलेल्या भावाच्या कानशिलात लगावून आला. प्रकरण पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘हात आपोआप उठला’ असे तो मला सांगत होता. पण त्या हाताला त्याने रोज सराव दिला होता. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले: चिडवणाऱ्याचा विचार करत पिशवी बडवणारे सर्वाधिक संतापलेले राहिले, तर नुसते शांत बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. शिवाय व्यायामाने वाढलेली धडधड लगेच ओसरत नाही आणि तेवढ्यात कोणी डिवचले, तर तीही रागात मिसळते. त्यामुळे व्यायाम जरूर करा, पण तिथून थेट वाद मिटवायला जाऊ नका. रंकाळ्यावर चक्कर मारतानाही तेच भांडण मनात घोळवणार असाल, तर ती चक्कर वाया गेली. मी सोबत कोणाला तरी घ्यायला आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला सांगतो.

दुसरी चूक म्हणजे ‘त्यानं मुद्दाम केलं’ हा झटपट निकाल. महाद्वार रोडच्या गर्दीत आरशाला आरसा घासला की ‘डोळं फुटलं काय रं?’ हे वाक्य हेतू तपासण्याआधीच बाहेर पडते. आक्रमक मुले संदिग्ध प्रसंगातही समोरच्याचा हेतू वाईटच धरतात, हे मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये दाखवले. मोठी माणसेही यातून सुटलेली नाहीत. मी प्रत्येकाला एक वही देतो आणि काय घडले, मी काय धरून चाललो, दुसरे काय असू शकते, एवढेच लिहायला लावतो. उतावळ्यांना हा गृहपाठ कंटाळवाणा वाटतो आणि तेच पुढच्या महिन्यात नव्या भांडणासह परत येतात.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. दीर्घ श्वास घेण्याचा सराव शांत असताना करावा, भांडणाच्या मधोमध तो शिकता येत नाही. दारू पिऊन ‘बसून बोलू’ म्हणू नये, कारण नशेत समोरचा अपमान तेवढा दिसतो आणि परिणाम दिसत नाहीत. मारामारी केली म्हणून मुलाला मारू नये. मोठ्यांचे पाहून मुले मारणे शिकतात, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या बाहुलीच्या प्रयोगापासून माहीत आहे.

मात्र साहेबांसमोर ज्याचा राग पूर्ण ताब्यात असतो आणि घरी बायकोसमोरच सुटतो, त्याला श्वासाचे व्यायाम शिकवणे ही समुपदेशकाचीच चूक आहे, कारण तिथे मारहाण धाक बसवण्यासाठी केलेली असते. अशा घरातल्या बाईला मी नवऱ्याला समजून घ्यायला सांगत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांची माहिती आधी देतो.