पुराआधीची ग्रामपंचायतीची यादी, आणि जॅकवेलची मोटार

ही यादी कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांसाठी आहे: शिरोळ, हातकणंगले, करवीर, पलूस, मिरज या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींसाठी. महापालिकेकडे अग्निशमन दल असतं, अभियंते असतात. इथे सरपंच, ग्रामसेवक (पदनाम बदललं तरी गाव ग्रामसेवकच म्हणतं), तलाठी, पाणीपुरवठ्याचे एक-दोन कर्मचारी, आशाताई आणि तालमीतली पोरं एवढंच बळ. विषय मे महिन्याच्या मासिक सभेत घ्या. जूनच्या सभेत घेतला तर ठराव होतो, काम होत नाही.

गटारी, ओढ्यातला गाळ, धोकादायक फांद्या, बॅटऱ्या, दोरखंड हे सगळ्यांना ठाऊक आहे. करा आणि पुढे चला.

आता जॅकवेलची, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीची, मोटार. पूर येणार म्हणून आपण माणसं हलवतो, जनावरं हलवतो, शाळेत चुली पेटवतो आणि नदीकाठच्या पंपघरातली मोटार, स्टार्टर, पॅनल जागच्या जागी बुडू देतो. पूर आठवड्यात ओसरतो, लोक घरी येतात, दारात हातभर गाळ असतो आणि नळाला थेंब नसतो. तालुक्यात रिवाइंडिंगवाले (भिजलेल्या मोटारीची तार नव्याने गुंडाळणारे) मोजके, त्यांच्या दारात आसपासच्या पंधरा-वीस गावांच्या मोटारी रांगेत. टँकर मागावा तर रस्त्यांची दशा झालेली. २०१९ आणि २०२१ मध्ये खुद्द कोल्हापूर शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहर दिवसेंदिवस टँकरवर राहिलं. गावाचं काय सांगावं! मागच्या पुराच्या यादीत सगळं होतं, फक्त ‘मोटार काढा’ ही ओळ नव्हती. म्हणून ती इथे पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

आधी काय काढायचं ते ठरवा. पंप सबमर्सिबल असेल तर तो पाण्यातच राहणारा असतो, त्याला हात लावू नका; पॅनल, स्टार्टर, मीटरजवळची केबलची टोकं एवढंच सांभाळायचं. मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच सांगाड्यात) असेल तर पंपासकट अख्खं युनिट उचलायचं. व्हर्टिकल टर्बाइन असेल तर वरची मोटार काढायची, खालचा पंप तसाच ठेवायचा. वीस-पंचवीस एचपीची मोटार दीड-दोनशे किलो भरते; चार पोरांनी ‘हैसा’ म्हणून उचलायची वस्तू ती नव्हे. एक टनी चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लागतो आणि तो अडकवायला छताला हूक किंवा गर्डर. हूक नसेल तर मे महिन्यातच बसवून घ्या, नाहीतर लोखंडी तिकाटण्याची सोय करा. चेन ब्लॉक भाड्याने मिळतो म्हणून निर्धास्त राहू नका. पुराच्या आदल्या दिवशी तो प्रत्येक गावाला हवा असतो. ग्रामपंचायतीचा स्वतःचा घ्या. मोटारीच्या रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतो.

मे महिन्यात एकदा मोटार खरोखर काढून बघा. फाउंडेशनचे बोल्ट गंजलेले निघतात, कपलिंग निघत नाही, पाना भलत्याच मापाचा असतो. हे भर पावसात, अंधारात, पाणी चढताना कळू नये. त्याच दिवशी बोल्टांना ग्रीस लावा, लागलेले पाने एका पिशवीत घालून पंपघरातच टांगा, केबलच्या टोकांना रंगीत टेप लावून फोटो काढा. नंतर जोडताना फेज उलटले तर मोटार उलटी फिरते आणि पाणी का चढत नाही याचा शोध दोन दिवस चालतो.

आता मोटार कधी काढायची. सगळा घोळ इथेच होतो. उत्तर ‘गरज पडेल तेव्हा’ असेल तर मोटार बुडाली म्हणून समजा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. हे आकडे मोबाईलवर सगळ्यांकडे येतात, पण ते त्या बंधाऱ्याचे आणि त्या पुलाचे आहेत. तुमच्या गावात कोणत्या आकड्याला काय बुडतं, याचा तक्ता तुमचा तुम्हालाच करावा लागतो. ओढ्यावरचा पूल, स्मशानाची वाट, खालची गल्ली, शाळेची पायरी, पंपघराचा चौथरा: प्रत्येकासमोर बंधाऱ्याची आणि आयर्विनची पातळी लिहा. २००५, २०१९, २०२१ पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा, जुने फोटो तारीख-वेळेसह तपासा, त्या तासाची पातळी पाटबंधारे खात्याच्या नोंदींतून काढा. साधी बेरीज चालत नाही. नदी पात्राबाहेर पडून शिवारभर पसरली की बंधाऱ्यावर एक फूट वाढलं म्हणजे तुमच्याकडेही एक फूट वाढेल असं नसतं. नृसिंहवाडीच्या संगमाजवळच्या गावांनी तर एका आकड्यावर विसंबूच नये. कृष्णेला फुगवटा असला की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही. कोल्हापुरात उतार सुरू झाला तरी शिरोळच्या गावात चढच असतो. (फुगवटा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे की नाही, यावर वाद घालायला उरलेले आठ महिने आहेत.)

आणि मोटारीसाठी चौथऱ्याची उंची बघू नका, वाटेची बघा. जॅकवेल बांधतानाच उंच बांधलेली असते, पण तिच्याकडे जाणारी पाणंद उसाच्या सखल रानातून जाते आणि ती कितीतरी आधी पाण्याखाली जाते. मग पंपघर लांबून कोरडं दिसत राहतं, सगळे म्हणतात अजून वेळ आहे, आणि तिथे ट्रॅक्टर जाऊ शकत नाही. म्हणून आकडा पाणंदीचा धरा, त्यातून दोन फूट वजा करा, आणि तो आकडा दिवसाउजेडी गाठला जाणार नसेल तर आणखी आधी काढा. २०२१ च्या जुलैत पाणी २०१९ पेक्षा फार झपाट्याने चढलं. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणणाऱ्यांना सकाळ मिळालीच नाही.

हा आकडा ठरावात लिहा. शब्द साधारण असे: ‘राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट पातळी होताच पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता मोटार व पॅनल काढून ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर ठेवावे.’ खाली मुख्य माणसाचं नाव, बदली माणसाचं नाव, ट्रॅक्टरवाल्याचं नाव. ठराव का, तर मोटार काढली की त्याच क्षणी गावाचं पाणी बंद होतं. गाव अजून घरात असतं, पाऊसही कधी उघडलेला असतो, आणि पाणी बंद करणाऱ्याला शिव्या बसतात. म्हणून सरपंच म्हणतात ग्रामसेवकाला विचारा, ग्रामसेवक म्हणतात सरपंचांना विचारा, आणि कर्मचारी बिचारा दोघांचे फोन लावत राहतो. पूर आलाच नाही तर दोन दिवस पाण्यावाचून गेले म्हणून बोंब होईल, होऊ द्या. बुडालेल्या मोटारीचे पंधरा दिवस जातात.

काढायच्या आधी उंच टाकी काठोकाठ भरा, घराघरात भरून घ्यायची दवंडी द्या, मग टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करा. पन्नास हजार लिटरची टाकी अडीच हजार वस्तीला माणशी वीस लिटर देते, तेही व्हॉल्व्ह बंद असेल तरच. मोटारीला हात लावण्याआधी महावितरणच्या लाईनमनकडून डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीवरून) जोडणी तोडून घ्या. पंपघरातला स्विच पाडला म्हणजे लाईट गेली असं धरून ओल्यात काम करू नये.

माणसांची यादी आशाताई आणि अंगणवाडी ताईंकडून घ्या: गरोदर बायका प्रसूतीच्या तारखेसह, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणारे. यांना इशारा पातळीलाच हलवायचं, धोका पातळीची वाट बघायची नाही. बाकीच्यांसाठी गल्लीवार माणूस नेमा. लोक घर सोडत नाहीत ते बहुतेकदा जनावरांपायी. ‘म्हशीला कुठं ठेवू?’ या प्रश्नाला तुमच्याकडे जागेचं नाव नसेल तर समजावणं व्यर्थ आहे. उंचावरचं माळरान, साखर कारखान्याचं आवार, बाजार समितीचं शेड, जे असेल ते आधी लेखी मागून ठेवा. मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते १८ किलो हिरवा चारा आणि पन्नास-साठ लिटर पाणी धरा. ओला चारा पुरात सडतो, म्हणून कडबा आणि मुरघास वरच्या गावात बोलून ठेवा. घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर मालकाच्या नावासमोर लिहिलेला हवा, नाहीतर भरपाईच्या वेळी म्हैस कोणाची यावरून भावकी पेटते.

निवाऱ्याची जागा पूररेषेच्या वर आहे का, हे खरंच बघा. जिल्हा परिषदेची शाळा निवारा म्हणून लिहायची सवयच आहे आणि निम्म्या गावांत तीच शाळा बुडते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची किमान मापं अशी: माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, माणशी दिवसाला ३ लिटर पिण्याचं पाणी, तीस माणसांमागे एक शौचालय, बायकांची वेगळी. शौचालयाचाच आकडा कमी पडतो. जेवणाची चिंता करू नका. या जिल्ह्यांत भाकरी पाठवणारे हात कमी नाहीत, उलट तिसऱ्या दिवशी अन्न वाया जातं. सॅनिटरी पॅड, लहान मुलांची दुधाची पावडर, चष्मे, रोजच्या गोळ्या मात्र कोणी पाठवत नाही.

बोट. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि गावची माणसं गेली. बोटीची क्षमता बोटीवरच रंगवा आणि तेवढीच लाइफ जॅकेटं ठेवा, चालवणाऱ्याचं धरून. जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटणार नाही. पंखा केबलमध्ये, उसात, तारेच्या कुंपणात अडकतो; बोटीचा मार्ग कोरड्या दिवसांत शिवार फिरून ठरवा आणि पाणी चढलं की आडव्या वीजवाहिन्या हाताला लागतील इतक्या खाली वाटतात, तो फीडर (त्या वाहिनीची वीज) बंद असल्याची खात्री करा. एनडीआरएफ पुण्याहून येतं आणि आधी जास्त अडकलेल्या गावांत जातं. पहिला दिवस तुमचा तुम्हालाच काढायचा आहे.

टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर ताजी घ्या. नवीन असताना क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, पिशवी उघडी राहिली की उतरतं. २० टक्क्यांखाली गेलेली वापरू नका. वरच्या मजल्यावर, कोरड्यात, बंद पिंपात ठेवा आणि जनरेटरचं डिझेल शेजारी ठेवू नका, आग लागते. हजार लिटरला ५ ग्रॅम, अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून बघायची चाचणी). पुराच्या काळात नळाच्या टोकाला ०.५ पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) क्लोरीन दिसायला हवं.

संपर्क: नेटवर्क जातं, व्हॉट्सॲप ग्रुप गप्प होतो. देवळाच्या भोंग्याला बॅटरी, हाताने फिरवायचा सायरन, आणि १०७७ (जिल्हा आपत्ती कक्ष), ११२, १०८ हे नंबर भिंतीवर रंगवलेले. नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही), जन्म-मृत्यू नोंदी, संगणक वर न्या. मोटार वर आली का? विचारा. फोनवर नको, जाऊन बघा.

पाणी ओसरल्यावर साप, मग गाळ, मग मेलेली जनावरं. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला, फोटो, बिल्ला नंबर. लेप्टोस्पायरोसिस टाळायची डॉक्सीसायक्लिनची गोळी आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने. मोटार कोरडी असली तरी लगेच बटण दाबू नका: पंपघर धुवा, केबल बघा, ५०० व्होल्टच्या मेगरवर (मोटारीचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) किमान १ मेगओहम येऊ द्या. पहिलं पाणी दुप्पट टीसीएल घालून वाहून जाऊ द्या. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक एकत्रच फिरवा, वेगवेगळे फिरले की आकडे जुळत नाहीत. भिंतीवरची गाळाची रेघ लोकांनी धुवून टाकायच्या आत तिथे ऑइलपेंटने तारीख आणि बंधाऱ्याची पातळी. बोटीच्या पेट्रोलची, जनरेटरच्या डिझेलची, ट्रॅक्टरच्या फेऱ्यांची वही त्या-त्या दिवशी, वेळ आणि सहीसकट; लेखापरीक्षक दोन वर्षांनी येतो आणि पूर आला होता हे त्याला कागदावर हवं असतं.