जुळी बाळे एनआयसीयूत असताना आणि घरी आणताना या चुका टाळा

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते आणि जुळ्यांच्या बाबतीत असे वरचेवर घडते. प्रसूती अचानक झाल्यामुळे आईवडिलांची कसलीच तयारी नसते. मग बाळे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत असताना घरचे पाळणा, दुपटी, झबली यांच्या खरेदीत गुंततात आणि ज्या गोष्टी सिस्टरांच्या नजरेखाली शिकून घ्यायच्या त्या राहून जातात. समजा, एका जोडप्याची जुळी ३२व्या आठवड्यात झाली असून एकाचे वजन १५०० ग्रॅम आणि दुसऱ्याचे १२०० ग्रॅम आहे. अशा बाळांना काही आठवडे रुग्णालयात राहावे लागते. त्या आठवड्यांत आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत होणाऱ्या चुका बहुतेक घरांत त्याच असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा वेळीच सांगितल्या तर टळू शकतात.

दुधाच्या बाबतीतली दिरंगाई

सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्या दोन दिवसांतच होते. बाळ अजून ओढत नाही, आई ऑपरेशनने थकली आहे, तेव्हा दूध काढण्याचे नंतर पाहू, असे घरातले ठरवून टाकतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. तोवर बारीक नळीने थेट पोटात आणि पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दूध दिले जाते. म्हणून बाळ ओढत नसले तरी त्याला दूध लागतच असते. सुरुवातीला येणारा चीक काही थेंबच निघाला तरी तो टाकून देऊ नये, सिस्टरांकडे द्यावा. शक्य असेल तर प्रसूतीनंतर सहा तासांच्या आत हाताने दूध काढायला सुरुवात करावी. त्यानंतर दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा आणि रात्री निदान एकदा तरी ते काढावे, कारण जितके दूध काढले जाते तितके ते तयार होते आणि येथे दोन बाळांची गरज भागवायची असते. पहिले दहा-बारा दिवस हातचे गेले की पुढे दूध वाढवणे फार कठीण होते.

पुष्कळदा आई एका रुग्णालयात आणि बाळे दुसऱ्या रुग्णालयात अशी ताटातूट झालेली असते. तेव्हा दूध पोहोचवण्याची जबाबदारी एकाच माणसाने घ्यावी, दूध बर्फाच्या डब्यातून न्यावे आणि प्रत्येक बाटलीवर आईचे नाव, तारीख व काढल्याची वेळ लिहावी. साध्या तापमानाला काढलेले दूध चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रीजमध्ये ते किती वेळ चालेल हे त्या विभागाच्या नियमाप्रमाणे विचारून घ्यावे.

दूध कमी पडते म्हणून परस्पर पावडरचा डबा आणणे ही दुसरी चूक आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो आणि पावडरच्या दुधावर तो वाढतो. आईचे दूध अपुरे असेल तर दुग्धपेढीतील, तपासून निर्जंतुक केलेले दूध मिळेल का, हे आधी विचारावे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९मध्ये आशियातील पहिली अशी पेढी सुरू झाली आणि त्यानंतर राज्यात इतरत्रही पेढ्या निघाल्या आहेत. नात्यातल्या बाळंतिणीचे न तपासलेले दूध मात्र आणू नये.

हात लावायची भीती

वायरी आणि मॉनिटरचे आवाज यांमुळे आईवडील बाळाला हात लावायला कचरतात, आणि आजी-आजोबांना ‘पेटीतून काढले तर थंडी लागेल’ असे मनापासून वाटते. प्रत्यक्षात आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर, फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घातलेले बाळ उभे बांधून ठेवले की त्याला हवी ती ऊब सतत मिळत राहते. कांगारू पद्धतीची ही काळजी १९७८मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली. भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही काळजी जन्मानंतर लगेच सुरू केलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये ती रोज ८ ते २४ तास देण्याची शिफारस केली. जुळ्यांच्या घरी वडिलांनी यात मागे राहणे परवडणारे नाही. एक बाळ आईकडे आणि एक वडिलांकडे असे बसता येते, आणि सिस्टरांनी नीट बांधून दिले तर दोन्ही बाळे आईच्या छातीवरही राहू शकतात. एका वेळी निदान तासभर बसता येईल अशी सवड काढूनच जावे. दहा मिनिटांसाठी बाळाची उचल-ठेव केल्याने त्याला त्रासच होतो.

आत जाताना बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुणे, आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी न जाणे, याला अपवाद नाही. मग ती आजी असो वा दुरून आलेला मामा.

रोजच्या वजनाचा हिशेब

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अशा बाळांचे वजन १० ते १५ टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि जन्माचे वजन पुन्हा गाठायला दोन आठवडे लागू शकतात. त्यानंतर दर किलोमागे रोज साधारण १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. म्हणजे १२०० ग्रॅमच्या बाळाला रोज २० ग्रॅमच्या आसपास वाढ पुरेशी आहे. हे माहीत नसल्यामुळे घटलेल्या वजनाचा दोष आईच्या दुधाला दिला जातो आणि आधीच खचलेल्या बाळंतिणीचे दूध त्या ताणाने आणखी कमी येऊ लागते. जुळ्यांची एकमेकांशी तुलना त्याहून वाईट आहे. आकडे नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज टाकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरांशी बोलणारा आणि इतरांना कळवणारा एकच माणूस घरात ठरवावा.

‘सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही’ हा समज आजही कानावर येतो आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. बाळ पोटात जितके अधिक आठवडे राहते तितकी त्याची फुप्फुसे आणि मेंदू अधिक तयार होतात.

डोळ्यांची तपासणी चुकवणे

माझ्या मते ही चूक सर्वांत जास्त टाळली पाहिजे, कारण तिची भरपाई नंतर होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातील पडद्याच्या रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. ती विकृत दिशेने होऊ लागली की आरओपी हा आजार होतो आणि वेळीच उपचार न झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून डोळे अगदी नितळ दिसतात, त्यामुळे घरी काहीच कळत नाही. भारतात ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी असे सांगितले जाते. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाची ती दोन ते तीन आठवड्यांतच करतात. बाळ त्याआधी घरी आले तरी तारीख बदलत नाही. एक तपासणी ठीक निघाली म्हणून पुढची सोडू नये आणि एका बाळाचा निकाल दुसऱ्याला लावू नये. ऐकण्याची तपासणीही दोघांची स्वतंत्रपणे करून घ्यावी.

एक घरी, एक रुग्णालयात

जुळी एकाच दिवशी घरी येतील असे धरून चालू नये. बाळ तोंडाने दूध पिऊ लागले, साध्या पाळण्यात अंगाची ऊब टिकवू लागले, वजन सलग वाढू लागले आणि श्वास थांबण्याचा प्रकार काही दिवस झाला नाही, की सुट्टी मिळते. लहान बाळाला याला जास्त वेळ लागू शकतो. म्हणून वडिलांनी सगळी रजा आधीच संपवू नये, ती पहिले बाळ घरी येण्याच्या दिवसासाठी राखावी. त्या दिवसापासून दोन्हीकडे माणूस लागतो.

दोघांच्या फायली, औषधे आणि ड्रॉपर वेगळे ठेवावेत आणि त्यांवर वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात. दर तीन तासांनी दूध म्हटले तरी दोघांचे मिळून दिवसाला सोळा वेळा होते. रात्री दोनला अर्धवट झोपेत एकाचे लोहाचे थेंब दुसऱ्याला जाणे सहज शक्य आहे. भिंतीवर तक्ता लावून दिलेल्या प्रत्येक डोसापुढे खूण करावी. दोन्ही बाळांची जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत आणि स्वतंत्रपणे करावी. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळांचे उपचार मोफत असतात. खासगी रुग्णालय असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना तेथे लागू आहे का, आणि नोकरीच्या विम्यात बाळांची नावे किती दिवसांत घालावी लागतात, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे.

घरी आल्यावर

बाळगुटी, मध, ग्राइपवॉटर, साखरेचे पाणी यांतले काहीही देऊ नये. शेगडीची धुरी कोवळ्या फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा खोलीत धूर नको आणि काजळही नको. वजन अडीच किलो होईपर्यंत अंघोळीऐवजी कोमट पाण्याने पुसून काढणे पुरते आणि मालिश डॉक्टरांनी होकार दिल्यावरच करावी. बारसे पुढे ढकलले म्हणून काही बिघडत नाही; गर्दीतून आलेला सर्दीचा विषाणू मात्र बाळाला पुन्हा रुग्णालयात नेऊ शकतो.

एनआयसीयूत बाळाला कधीकधी पालथे निजवलेले दिसते आणि घरचे तेच करू लागतात. पण तेथे मॉनिटर लावलेला असतो. घरी बाळ उताणेच निजवावे, सपाट गादीवर, उशीविना, आणि दोघांना वेगवेगळे. झोळीत मान दुमडून श्वास अडण्याची भीती असते, म्हणून ती वापरू नये.

पाय गार आणि पोट गरम लागले तर बाळाला थंडी वाजते आहे असे समजून लगेच छातीशी घ्यावे. काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, आणि तासाभरातही ते ३६.५च्या वर आले नाही तर रुग्णालय गाठावे. पाच-दहा सेकंद श्वास मंदावून पुन्हा सुरू होणे या बाळांत आढळते. पण श्वास वीस सेकंद थांबला किंवा ओठ निळसर झाले, तर तळव्यांना चोळून बाळाला जागे करावे, श्वास सुरू झाला तरी बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे आणि सुरू झाला नाही तर १०८ला फोन करावा. दुधानंतर थोडी गुळणी येणे चालते. हिरवी उलटी, फुगलेले पोट, सलग दोन वेळा दूध नाकारणे, मिनिटाला साठच्या वर श्वास, छाती आत ओढली जाणे किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

लसीकरण जन्मतारखेवरून मोजावे. अपुऱ्या दिवसांचे म्हणून ते परस्पर लांबवू नये. मान धरणे, बसणे, चालणे यांची वाट मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजून पाहावी. ३२व्या आठवड्यात जन्मलेले मूल सहा महिन्यांचे झाले तरी वाढीच्या हिशेबाने ते चार महिन्यांचे असते, आणि वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना ही तारीख आठवणीने सांगावी.